पाठवणीच्या रेकॉर्डमधली उडी

तेरावा झाला, पाहुणे गेले आणि अक्कानं रेकॉर्ड प्लेअरवर एक जुनी चादर टाकली. टीव्हीची वायर तिनं आधीच काढून कपाटात ठेवली होती. अक्का माझी थोरली बहीण. ती लातूरला दिलेली. माझ्या बायकोच्या शेवटच्या आजारपणात आमच्याकडे नांदेडला आली ती राहिलीच.

"वर्षभर घरात गाणं-बिणं न्हाई," ती म्हणाली. "वर्षश्राद्ध झालं की मग काय लावायचं ते लाव."

मी मान डोलावली. मला फार बोलता येत नाही. कॉलेजात आयुष्यभर इतिहास शिकवला, तोही बहुतेक फळ्याकडे तोंड करून. मी मान डोलावली की लोक तो होकार समजतात. अक्काही समजली.

आमच्या घरात माझी पुस्तकं आणि बायकोच्या रेकॉर्डी यांचं कधी भांडण झालं नाही. पुस्तकं बाहेरच्या खोलीत, रेकॉर्डी मागच्या. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. सुटी लागली की पिशवी घेऊन एसटीत बसायची. औसा, उदगीर, हदगाव, जिथं म्हणून जुनं मंडप-लाऊडस्पीकरचं दुकान असेल तिथं जायची. ही दुकानं आता डीजेवाल्यांची झाली आहेत. पण मागच्या अंधारात, शामियान्याच्या बांबूंखाली कुठंतरी जुन्या रेकॉर्डींची पेटी पडलेली असते. कव्हरं उंदरांनी खाल्लेली, वर सिमेंटची धूळ. मी बरोबर गेलो तर दुकानाच्या पायरीवर पुस्तक वाचत बसायचो आणि आतलं बोलणं कानावर पडायचं.

"बाई, समदी गाणी मोबाईलवर फुकट हायत. हे ओझं कशाला नेता?"

"मोबाईलवर गाणी आहेत. तुमच्या रेकॉर्डी नाहीत."

"त्यात काय निराळं हाय?"

"तुम्ही वाजवून वाजवून जे केलंय ते."

दुकानदाराला वाटायचं, बाई टोमणा मारतात. ते तिचं खरं कौतुक असायचं. लाऊडस्पीकरवाल्यांनी रेकॉर्डीच्या मधल्या कागदावर बॉलपेननं लिहून ठेवलेलं असतं: हळद, वरात, पंगत, पाठवणी. गाण्याचं नाव त्यांच्या कामाचं नव्हतं, लग्नातली वेळ कामाची होती. जिथं पीन अडकते तिथं कडेला नेलपॉलिशचा ठिपका. एकच रेकॉर्ड शेकडो लग्नांत धुळीत, उन्हात वाजलेली. त्या सगळ्याचा मिळून जो आवाज तयार होतो तो तिला जपायचा होता. म्हणून तिनं एक चांगला प्लेअर मागवला, लॅपटॉपला जोडला आणि रविवारच्या रविवार एकेक रेकॉर्ड उतरवू लागली. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी दुकानातून आणायची, माझ्या जुन्या धोतराच्या मऊ तुकड्यानं रेकॉर्ड पुसायची, वाळू द्यायची आणि मग पीन ठेवायची. पुस्तक चाळता येतं. रेकॉर्ड चाळता येत नाही. जितका वेळ ती वाजते तितका वेळ द्यावाच लागतो. माझ्यासारख्या वाचणाऱ्या माणसाला हे उशिरा कळलं.

पण या सगळ्याच्या मुळाशी तिला एकच रेकॉर्ड हवी होती.

तिचं माहेर निलंग्याजवळचं. गावातल्या सगळ्या लग्नांना निलंग्याचा एकच लाऊडस्पीकरवाला यायचा, लिंबाच्या झाडाला कर्णा बांधायचा. मुलगी गाडीत बसायला निघाली की तो एक ठरलेलं गाणं लावायचा. गाण्यातली मुलगी आईला एकेक गोष्ट सांगत जाते. कोनाड्यातला दिवा लाव, वासराला पाणी दाखव. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ती शब्द देते की आता मी मागं वळून बघणार नाही, हे घर विसरेन. या गावात मात्र ती ओळ कुणी कधी ऐकलीच नव्हती. नेमक्या त्या जागी रेकॉर्डला चरा पडलेला होता. पीन उडायची आणि गाणं थेट तिसऱ्या कडव्यात पडायचं. बायकांनी ते गाणं कर्ण्यावर ऐकूनच पाठ केलं होतं, त्यामुळे त्या उडीसकटच म्हणायच्या. माझी सासू तसंच म्हणायची, तिच्या जावा तशाच म्हणायच्या. गावातल्या कितीतरी मुली तो शब्द न देताच सासरी गेल्या.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी हे गाणं रेडिओवर लागलं. ती पीठ मळत होती. ती ओळ आली तशी तिचा हात थांबला.

"हे चुकीचं म्हणतायत," ती म्हणाली.

मी तिला समजावलं की ओळ मूळचीच आहे, तुमच्याकडची रेकॉर्ड खराब असणार. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढं जन्मभर ते गाणं उडी मारूनच म्हटलं. एकदा मी मुद्दाम मधली ओळ गुणगुणलो, तर म्हणाली, "ती तुमच्या नांदेडची. आमच्यात न्हाई."

निलंग्याच्या त्या माणसानं कधीच धंदा बंद केला होता. त्याचा माल जिल्ह्याभरातल्या दुकानदारांनी वाटून नेला होता. म्हणून ही त्याच गाण्याच्या रेकॉर्डी जिथं दिसतील तिथून उचलायची. घरी आणून, पुसून, प्लेअरवर लावायची. मी वाचता वाचता कान देऊन असायचो. दुसरं कडवं यायचं, ती ओळ स्वच्छ वाजायची आणि मागच्या खोलीतून आवाज यायचा, "ही नव्हे." मग ती रेकॉर्ड सगळ्यांत खालच्या फळीवर जायची. तिथं एकाच गाण्याच्या रेकॉर्डींची एक सबंध रांग तयार झाली होती. बाकी सगळं तिनं उतरवून ठेवलं, ही रांग मात्र उतरवली नाही. सापडली तर तेवढी एक उतरवायची होती. सापडली नाही. मग बायको गेली.

माझ्या भाच्याचं, म्हणजे अक्काच्या मुलाचं लग्न आधीच ठरलेलं होतं. घरात मयत झालं की ठरलेलं कार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर पुढं ढकलत न्यायचं, अशी आमच्याकडे रीत. उरकायचं ठरलं. मी लातूरला गेलो. हळदीच्या संध्याकाळी मंगल कार्यालयासमोर डीजे लागला. स्पीकरच्या भिंतीच्या भिंती. खुर्चीत बसलो तरी बरगड्या हालत होत्या, पाण्याच्या ग्लासात लाटा येत होत्या. पोरांनी अक्काला ओढून मध्ये नेलं. दोन हात वर करून ती चार पावलं नाचली. मला बरं वाटलं. तिनंही त्या वर्षात फार सोसलं होतं. माझ्या बायकोच्या शेवटच्या महिन्यांत तिचे केस विंचरायचं काम अक्कानं दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं.

नाचून ती माझ्याशेजारी येऊन बसली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "शुभकार्याला चालतंय बरं का. त्याला दोष न्हाई."

मी काही विचारलं नव्हतं.

तिथंच पंगतीत बाकीचं ठरलं. भाच्याला नांदेडला बँकेत नोकरी लागली होती. तो आणि नवी सून माझ्याकडे राहतील. माझी जेवणाची सोय होईल, त्यांचा भाड्याचा त्रास वाचेल. मागची खोली त्यांना. रेकॉर्डींचं काय, असं भाच्यानं विचारलं, तर त्याचंही उत्तर तयार होतं. औशाकडे अक्काच्या शेतात पत्र्याची खोली आहे, ट्रॉलीत घालून तिथं नेऊन ठेवायच्या.

"मामा, नीट झाकून ठेवू," भाचा म्हणाला. पोरगा चांगला आहे.

पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात काय होतं ते मला माहीत होतं. रेकॉर्डी पापडासारख्या वाकतात. मी या वेळी मान डोलावली नाही. पण सगळे जिलेबी वाढून घेत होते, कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

नांदेडला परत आल्यावर मी मागच्या खोलीत गेलो, प्लेअरवरची चादर काढली, घडी घातली आणि अक्काच्या ट्रंकेवर नेऊन ठेवली. मग हेडफोन घातला आणि खालच्या फळीवरची पहिली रेकॉर्ड काढली. जायच्याच असतील तर निदान एकही न उतरवता जाणार नव्हती. ज्या बायकोनं नाकारल्या त्याही नाहीत.

अक्का दारात येऊन उभी राहिली. तिचे ओठ हलताना दिसले तेव्हा मी हेडफोन काढला.

"कानात काय घालून बसलास?"

"काम करतोय."

"कसलं काम?"

"तिचं राहिलेलं."

"गाणं ऐकायलास की."

"तुला ऐकू येतंय का?"

अक्कानं कान दिला. हेडफोन लावून, सगळे आवाज बंद करून रेकॉर्ड वाजवली तरी पीन स्वतः बारीक गाते. डबीत कोंडलेल्या माशीसारखं ते गाणं खोलीत ऐकू येत होतं.

"आगं आई, त्याच्या पोटात कोण बोलायलंय!" अक्का एक पाऊल मागं सरली. मग सावरून म्हणाली, "हे बघ, मला ऐकू येवो न येवो, देवाला येतंय."

"लातूरचा डीजे त्याला ऐकू आला नाही का?"

मी तिला आयुष्यात असं उत्तर दिलं नव्हतं.

"मास्तर, लई तोंड फुटलंय तुला," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी जोरात ठेवू लागली.

मी रोज दुपारी बसत गेलो. तेच गाणं, पुन्हा पुन्हा. कुठं खरखर जास्त, कुठं बाईचा आवाज थोडा किनरा, पण दुसऱ्या कडव्याच्या शेवटी ती ओळ प्रत्येकीत साबूत. बायकोचं 'ही नव्हे' मला प्रत्येक वेळी ऐकू यायचं. मला ऐकू यायचं, यात भुताखेताचं काही नाही; इतकी वर्षं जे ऐकलं ते कान आपोआप म्हणतो.

मग एका रेकॉर्डमध्ये, बरोबर त्या ओळीच्या सुरुवातीला, 'ठक्' असा आवाज आला. ओळ वाजली. पुढं गाणं सरळ चालू राहिलं. मी पीन उचलून मागं नेली. पुन्हा ठक्, पुन्हा ओळ. रेकॉर्ड खिडकीशी नेऊन उजेडात तिरकी धरली. आडवा चरा होता, नखाला जाणवेल असा. शेजारी नेलपॉलिशचा ठिपका, जवळजवळ पुसलेला. मधल्या कागदावर बॉलपेननं 'पाठवणी'.

मला यंत्रातलं काही कळत नाही, पण एवढं कळलं. तिचा प्लेअर चांगला होता. त्याची पीन नवी, बारीक, खाचेत खोल उतरणारी. चरा आला की तिला धक्का बसायचा, पण ती खाच सोडायची नाही. लाऊडस्पीकरवाल्याची पीन झिजून बोथट झालेली असायची, ती वरवर चालायची आणि चऱ्यावर उडायची. म्हणजे रेकॉर्ड चांगली की वाईट एवढंच बघून भागणार नव्हतं. जिच्यावर ती उडत होती तसलीच पीन हवी होती. आम्ही इतकी वर्षं चांगल्या प्लेअरवर वाईट आवाज शोधत होतो.

आणि ती ठक् तिनंही ऐकली असणार. पण ती ठक् ऐकायला बसलीच नव्हती. उडी ऐकायला बसली होती. ओळ आली, आणि तिनं रेकॉर्ड खालच्या फळीवर ठेवली.

औशाच्या एका दुकानातून तिनं रेकॉर्डींबरोबर जुनं यंत्रही आणलं होतं, तो सगळा ढीगच घ्यावा लागला होता. ते पलंगाखाली होतं. मी ओढून काढलं. लाकडी पेटीतला प्लेअर, त्याच्या दांड्यावर वजनासाठी चिकटपट्टीनं चिकटवलेलं जुनं चार आण्याचं नाणं, टोकाला झिजून बोथट झालेली पीन. दुसऱ्या पेटीत अ‍ॅम्प्लिफायर. आणि पत्र्याचा कर्णा. या यंत्राला हेडफोन लागत नाही. आवाज कमी करायचं बटण तुटून गेलेलं होतं, नुसती दांडी उरली होती आणि ती फिरत नव्हती. ते एकाच आवाजात बोलायचं, गावाला ऐकू जाईल अशा.

मी स्वयंपाकघरात गेलो. अक्का मेथी निवडत होती.

"अक्का, मी आता गाणं लावणार आहे. मोठ्यानं."

"वर्ष झाल्यावर लाव."

"आत्ता."

"लोकं काय म्हणतील?"

"म्हणू देत."

"तू लाव, मी संध्याकाळच्या गाडीनं लातूरला जाते."

"स्टेशनवर सोडायला येतो," मी म्हणालो.

तिला खरं वाटलं नाही. तिनं पुढची काडी हातात घेतली.

मी लॅपटॉपला माईक जोडून खोलीच्या मध्यावर स्टुलावर ठेवला. या वेळी वायरीतून उतरवायचं नव्हतं, खोलीतून उतरवायचं होतं. कर्णा टेबलावर ठेवला, त्याचं तोंड खिडकीकडे केलं, खिडकी उघडली. बटण दाबल्याबरोबर कर्ण्यातून असा घुमारा निघाला की समोरच्या तारेवरची कबुतरं उडाली. मी पीन ठेवली.

घरात इतका मोठा आवाज मी कधीच होऊ दिला नव्हता. मला ते आवडत होतं. पहिलं कडवं आमच्या गल्लीत, पलीकडच्या गल्लीत, कदाचित मोंढ्याच्या बाजारापर्यंत गेलं असेल. दुसरं कडवं सुरू झालं आणि मेथीची जुडी हातात धरून अक्का दारात आली.

"बंद कर! अरे बंद कर ते! वर्ष न्हाई झालं तिला! तुला काही हाय का न्हाई—"

आणि पीन उडाली. ओळीचं पहिलं अक्षर निघता निघता तुटलं आणि गाणं तिसऱ्या कडव्यात पडलं. जसं ती पीठ मळताना, केस विंचरताना, एसटीच्या खिडकीशी बसून म्हणायची, अगदी तसं. ना एक अक्षर कमी, ना एक जास्त.

अक्काचा हात खाली आला. हे गाणं तिनंही माझ्या बायकोच्या तोंडून किती वेळा ऐकलं होतं.

"असंच म्हणायची की गं ती," अक्का म्हणाली. ते तिनं कुणाला म्हटलं ते मला कळलं नाही.

ती रेकॉर्ड आमच्या घरात होती. खालच्या फळीवर, तिच्या हाताच्या अंतरावर, कितीतरी वर्षं. त्यावर मी रडलो. पण त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

गाणं संपलं तेव्हा शेजारच्यांनी भिंतीवरून डोकं वर काढलं होतं. "सर, काही कार्यक्रम आहे का?"

"आहे," मी म्हणालो.

अक्का डोळे पुसून पुन्हा अक्का झाली. "झालं समाधान? आता ठेव आवरून."

"दुसरी बाजू आहे अजून."

ती लातूरला गेली नाही. दोन दिवस माझ्याशी बोलली मात्र नाही, आणि भाजीत मीठ जास्त पडत राहिलं.

महिनाअखेरीस भाचा आणि सून टेम्पो घेऊन आले. मागच्या खोलीतलं एक कव्हरसुद्धा हललेलं नव्हतं. मी माझी झोपायची खोली रिकामी करून, झाडून, पलंगावर नवी चादर घालून ठेवली होती. माझी गादी मागच्या खोलीत रेकॉर्डींच्या फळ्यांखाली टाकली होती.

"मामा, असं कसं, तुम्ही मोठ्या खोलीत राहा," सून संकोचून म्हणाली.

"मी मोठ्या खोलीतच आहे," मी म्हणालो.

"आणि रेकॉर्डी?" भाच्यानं विचारलं.

"त्या कुठंही जाणार नाहीत. शेतात नाही, माळ्यावर नाही. मी आहे तोवर नाही, आणि माझ्यानंतर काय करायचं ते मी तुला सांगून ठेवीन."

एवढं लांब वाक्य माझ्याकडून त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यानं टेम्पोवाल्याला नुसतं सामान उतरवायला सांगितलं.

संध्याकाळी मी त्याला ते ऐकवलं, लॅपटॉपवर. त्याला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यानं पडद्यावरच्या हिरव्या रेषा मोठ्या करून बघितल्या.

"मामा, ही खरखर जाईल. आणि जी ओळ गेलीय ना, ती दुसऱ्या रेकॉर्डमधून घेऊन इथं बसवता येईल. कळणारसुद्धा नाही."

"ओळ बसवायची नाही."

"बरं. पण मध्ये हे आईचं ओरडणं आलंय बघा, कडव्यावरच. एवढं तरी काढतो."

"तेही नाही."

अक्का मागं उभी राहून ऐकत होती. वर्ष झाल्याशिवाय गाणं ऐकायचं नाही असं तिचं अजून चालू आहे. हे गाणं नसून माझं काम आहे असं तिनं मानून घेतलं असावं.

"अरे माझं ते वरडणं काढ की," ती म्हणाली. "उद्या कुणी ऐकलं तर म्हणंल, बाई हाय का कोण हाय."

"राहू दे, अक्का."

"मेथीची जुडी हातात होती माझ्या. तसं लिहून तरी ठेव कुठं, उगंच वरडले न्हाई म्हणून."

म्हणून लिहून ठेवलं आहे.

वर्षश्राद्धाला अजून अवकाश आहे. कर्णा टेबलावरच आहे. त्याचं तोंड मी खिडकीकडून वळवलेलं नाही.